जाऊबाईंच्या फोनवर आलेला कोड

थोरलीच्या नवऱ्याने दुकानातला कंप्युटर साफ केला आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

साफ केला म्हणजे फडक्याने पुसला असं नव्हे. तसं असतं तर थोरलीने त्याला कौतुकाने चहा करून दिला असता, कारण निवृत्त झाल्यापासून त्या माणसाने कशावर फडकं फिरवल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. मशीन हळू चालत असेल तर आतला कचरा काढून टाका, असं त्यात एक दाढीवाला सांगत होता. हा उठला, दुकानात आला, बायको मागच्या खोलीत चेटकिणीच्या झग्याला बटणं लावत होती तेवढ्यात खुर्चीत बसला आणि दिसेल तिथे टिचक्या मारत सुटला. 'सगळं पुसायचं का?' असं कंप्युटरने रीतसर विचारलं. नोकरीत कधी सहीचा अधिकार न मिळालेल्या त्या माणसाने मोठ्या रुबाबात 'हो' दाबलं.

"बघ आता कसा पळतो ते," तो म्हणाला.

कंप्युटर पळाला खरा. पण थोरलीने बुकिंगचं पान उघडलं, तर रोजचा तक्ता जागेवर नव्हता. पांढऱ्याफटक पडद्यावर नुसते दोन रिकामे चौकोन होते. एकात ईमेल लिहा, दुसऱ्यात पासवर्ड.

"हे काय आहे?"

"लॉगिन करायला सांगतंय. कर की."

"कसं?"

"पासवर्ड टाकून."

"कोणता पासवर्ड?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने नवऱ्याकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण एकमेकांकडे असं निरखून पाहायची वेळ बऱ्याच दिवसांनी आली होती.

दुकान नाटकांचे पोशाख भाड्याने देण्याचं. लांबट, अरुंद, बोगद्यासारखं. दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्यांवर राजे, शिपाई, चेटकिणी आणि पऱ्या एकमेकांना खेटून लोंबकळत असत. एका खणात मिशा, एकात दाढ्या, एकात नुसती नाकं. सगळ्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. आणि दाराशी काउंटरवर हा कंप्युटर. कुठला पोशाख कधी, कुणाला, किती दिवस, हे सगळं त्याच्यात. थोरलीच्या लेखी लॉगिन ही करायची गोष्टच नव्हती. नळ सोडला की पाणी यावं तसं झाकण उघडलं की बुकिंग दिसे. पाणी कुठून येतं याची चौकशी नळ कोरडा पडल्यावरच होते.

हे खातं उघडलं होतं तिच्या धाकट्या जावेने. दोघी जावा मिळून दुकान चालवत. थोरलीचा शब्द, धाकटीचा हात. मग एक दिवस धाकटीने राजाचा जुना मखमली झगा कापला आणि त्याचे वटवाघळाचे पंख केले. थोरली भर गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "कात्री हातात आली म्हणून कुणी शिंपी होत नाही." धाकटीने कात्री काउंटरवर ठेवली, चपला घातल्या आणि गेली. त्यानंतर ती घरीच पडदे शिवू लागली. वर्ष उलटून गेलं, दोघींत अक्षर बोलणं नव्हतं. त्यांचे नवरे मात्र सख्खे भाऊ. ते रोज संध्याकाळी बागेत फिरायला भेटत आणि बायका सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलत.

थोरलीने बाही सरसावली आणि अंदाज सुरू केले. दुकानाचं नाव टाकून पाहिलं. चुकीचं. मुलीचं नाव टाकलं. चुकीचं. 'पासवर्ड' असंच लिहून पाहिलं, तेही चुकीचं.

"खाली बघ," नवरा मदतीच्या सुरात म्हणाला. "लिहिलंय, पासवर्ड विसरलात का?"

"विसरायला आधी माहीत तर असायला हवा!"

तेवढ्यात दारातून बालवाडीच्या मोठ्या बाई आत आल्या. गोल चेहऱ्याच्या, गोल आवाजाच्या. "आमचं अस्वल तयार आहे ना? परवा कार्यक्रम आहे, आज सायंकाळी माणूस पाठवते न्यायला."

"आहे ना," थोरली म्हणाली.

त्यांच्या मागोमाग हायस्कुलात नाटक बसवणारे सर आत शिरले. गळ्यात मफलर, केस मागे वळवलेले. "अस्वल?" ते म्हणाले. "अस्वल आमचं आहे. परवाच आहे आमचं नाटक."

दुकानात राजे सात-आठ होते, पऱ्यांची तर मोजदाद नव्हती, पण अस्वल एकच होतं. ते आपलं मुंडकं काखेत घेतल्यासारखं कोपऱ्यात लटकत होतं.

"मी बुक केलंय," बाई म्हणाल्या.

"मी यांना समक्ष सांगितलंय," सर म्हणाले.

दोघांनी थोरलीकडे पाहिलं. थोरली ताठ झाली. "माझ्या दुकानातून एक वस्तू दोघांना जाणं शक्यच नाही. तुमच्यापैकी कुणाचा तरी गैरसमज झालाय. कंप्युटरमध्ये बघून सांगते."

"बघा ना मग," दोघं एका सुरात म्हणाले.

आता आली का पंचाईत! थोरलीने पडद्याचं तोंड आपल्याकडे आणखी वळवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि आत खूप काही चाललंय असा चेहरा केला. "जरा वेळ लागेल. मशीन आत्ताच साफ केलंय. संध्याकाळी या."

दोघं एकमेकांकडे संशयाने पाहत बाहेर पडली. दार लागताच थोरलीने 'पासवर्ड विसरलात का' वर बोट मारलं. पडद्यावर मजकूर आला: तुमच्या नोंदलेल्या फोनवर कोड पाठवला आहे, पाच मिनिटांच्या आत टाका. पुढे त्या फोनचे शेवटचे दोन आकडे होते. बाकी सगळे फुल्यांआड. पण ते दोन आकडे थोरलीने लगेच ओळखले. वर्षभरापूर्वी तोच नंबर तिने आपल्या मोबाइलमधून स्वतःच्या अंगठ्याने पुसला होता.

"धाकटीचा," ती म्हणाली.

"मग कर फोन," नवरा म्हणाला.

"मी? जीव गेला तरी नाही. तुम्ही तुमच्या भावाला करा. घोळ तुम्ही घातलाय."

दादांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, भावाला फोन लावला. धाकट्याने मोठ्या उत्साहाने बायकोचा मोबाइल शोधायला घेतला. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. मग चष्मा शोधला. तो त्याच्या डोक्यावर होता. मग एक आकडा वाचून दाखवला. थोरलीने टाकला. चुकीचा.

"नीट वाच रे!"

"नीटच वाचतोय. 'आपले पार्सल घ्यायला आलेल्या माणसाला हा कोड सांगा.'"

"अरे, तो नव्हे! पडद्यांचं कापड आलं असेल तुमचं! दुसरा बघ!"

दुसरा सापडेपर्यंत पाच मिनिटं संपली. थोरलीने नवा कोड मागवला. पलीकडून खुडबुड ऐकू आली आणि मग एक करडा आवाज. "माझा फोन घेऊन काय चाललंय तुमचं?"

दादांनी तापलेला तवा हाताला लागावा तसा मोबाइल बायकोच्या हातात टाकला.

"हॅलो," थोरली म्हणाली.

"कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण?"

"आवाज ओळखू येत नाही का तुला?"

"येतो," धाकटी म्हणाली. "पण वर्षभरात आला नाही ना, म्हणून खात्री करून घेतली. बोला जाऊबाई."

जाऊबाई! एरवी ती हिला 'वहिनी' म्हणायची. 'जाऊबाई' फक्त रागात. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, तरी तिने गिळलं. "तुझ्या फोनवर एक कोड आलाय. तेवढा वाच."

"का बरं?"

"दुकानाच्या कामाला लागतोय."

"दुकानाशी माझा काय संबंध? मी शिंपी थोडीच आहे! माझ्या हातात नुसती कात्री आली होती."

"हे बघ, उकरून काढू नकोस."

"मी उकरलं? फोन कुणी केला?"

"झगा कुणी कापला?"

"झग्याला कसर लागली होती! मागून हात घातला तर पुढून बोटं दिसत होती. उलट मी वाचवला तो झगा!"

"असा वाचवतात? राजाचं वटवाघूळ करून?"

शब्दाने शब्द वाढला. दादा मध्येच बोटाने पडद्याकडे खुणा करत होते. तिथे एक घड्याळ उलटं धावत होतं. थोरलीचं तिकडे लक्ष गेलं तेव्हा त्यात शून्य उरलं होतं.

"गेला कोड," ती म्हणाली.

"दुसरा मागवा," धाकटी थंडपणे म्हणाली.

दुसरा मागवला. तो आला. धाकटीने पहिले तीन आकडे वाचले आणि थांबली. "आधी एक सांगा. त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर बोलायची काही गरज होती का?"

"आकडे वाच गं बाई!"

"वाचते. पण गरज होती का?"

होती की नव्हती हे ठरेपर्यंत तोही कोड गेला. त्यानंतरच्या कोडाचे सगळे आकडे मिळाले, पण रागाच्या भरात थोरलीने नऊच्या जागी सहा मारला. पडद्यावर लाल पट्टी झळकली: फार वेळा चुकीचा प्रयत्न झाला आहे, तासाभराने पुन्हा या.

थोरली मटकन खुर्चीत बसली. समोर दांडीवर शिपाई, राजे, चेटकिणी सगळे तिच्याकडेच तोंड करून लटकले होते. मान खाली घालणं तिला कधी जमलं नव्हतं. पण दोन शाळा, एक अस्वल, संध्याकाळ तोंडावर आलेली. ती हळू आवाजात म्हणाली, "कुलूप लागलं बघ खात्याला. आता तासभर काही नाही."

धाकटी म्हणाली, "तासाने सरळ पासवर्डच टाका की."

"तो कुणाला माहितीय?"

"मला. पाठ आहे माझा."

थोरलीने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं आणि परत कानाला लावला. "मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही कोड मागितलात. पासवर्ड मागितलाच नाहीत."

"बरं, आता मागते. सांग."

धाकटीचा आवाज एकदम उतरला. "फोनवर नाही सांगता येणार."

"का?"

"पासवर्ड असा फोनवर सांगायचा नसतो. चोर असतात."

"आपल्या दोघींच्या मध्ये कोण चोर बसलाय?"

"मी येते तिकडे," धाकटी घाईने म्हणाली. "मीच टाकते. तुमच्यासाठी नाही हं येत. शाळेच्या पोरांचा खोळंबा नको म्हणून."

तासाभराने ती आली तेव्हा दादा दाराशीच उभे होते. त्यांनी तिचं असं स्वागत केलं की जणू बुडत्या माणसाला किनाराच भेटायला आलाय. थोरली मात्र उठली नाही. "ये," एवढंच म्हणाली. धाकटीने दुकानावरून नजर फिरवली, पऱ्यांच्या रांगेत उलटं अडकवलेलं एक हॅंगर चालता चालता सरळ केलं, आणि काउंटरच्या आत शिरली.

"जरा पलीकडे तोंड करा," ती म्हणाली.

"माझ्या दुकानात मी पलीकडे तोंड करू?"

"पासवर्ड टाकताना बघायचं नसतं. हा शिष्टाचार आहे."

थोरलीने अर्धं तोंड वळवलं. धाकटीने डावा हात आडवा धरून उजव्याने टपाटप अक्षरं मारली. चौकोनात काळ्या ठिपक्यांची लांबलचक रांग उमटली. एवढा लांब! थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. तिला कंप्युटरमधलं फारसं कळत नसे, पण रांगेच्या टोकाला छोटासा डोळा काढलेला होता हे तिने सकाळपासून पंचवीसदा पाहिलं होतं. डोळा आहे म्हणजे बघायलाच असणार. धाकटीचा हात पुढे जायच्या आत तिने त्याच्यावर टिचकी मारली.

ठिपके गेले, रोमन अक्षरं आली. थोरली एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागली. "थो... र... ली... म्ह... णे... ल..."

धाकटीने डोळे मिटून घेतले.

"थोरली म्हणेल तेच," थोरलीने पूर्ण केलं. "आणि पुढे एक. आणि उद्गारचिन्ह."

दादा दाढ्यांच्या खणात काहीतरी शोधू लागले.

"उद्गारचिन्ह मी नाही घातलं," धाकटी पुटपुटली. "एक खूण लागतेच म्हणाला कंप्युटर. आकडाही त्यानेच मागितला."

"बाकीचं?"

"बाकीचं माझं."

"कधी ठेवलास हा?"

"पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, पानाला निळा रंग देऊ. तुम्ही म्हणालात, लाल. मी म्हटलं, फोटो मोठे टाकू. तुम्ही म्हणालात, छोटे. मग त्याने पासवर्ड विचारला. तेव्हा तुम्ही चहा करायला गेला होतात. तेवढं एकच तुम्हाला न विचारता झालं."

थोरलीच्या डोळ्यांपुढे वर्षानुवर्षांच्या सकाळी आल्या. धाकटी आधी येऊन दुकान उघडायची, कंप्युटर लावायची, आणि थोरली पोचेपर्यंत सगळं तयार असायचं. म्हणजे जेव्हा जेव्हा त्या मेल्या कंप्युटरने विचारलं असेल तेव्हा तेव्हा हिने हे लिहिलं. तोंडाने 'हो वहिनी' आणि बोटांनी हे. थोरलीला राग यायला हवा होता. तो आलाही, पण अर्ध्या वाटेतच त्याचं हसू झालं. आधी खांदे हलले, मग पोट, मग ती पदराने डोळे पुसायला लागली.

"अगं, पण निदान ताकद तरी बघ पासवर्डची," ती म्हणाली. "वर्षभर कुणाला फोडता आला नाही!"

"फोडतंय कोण! तुम्ही स्वतःच्या तोंडाने स्वतःला थोरली कशाला म्हणाल?" धाकटीही हसू लागली. मग तिने बटण दाबलं, आणि खातं उघडलं.

तक्ता समोर आला. सगळ्यात वर, सगळ्यात जास्त बुकिंग असलेला पोशाख होता वटवाघूळ. महिनाभर एक दिवस रिकामा नव्हता. थोरलीने घाईघाईने पान खाली सरकवलं.

"थांबा, थांबा. काय होतं ते?"

"अस्वल बघ आधी."

"वटवाघूळ होतं ना?"

"चालतं बरं ते," थोरली कडू औषध घ्यावं तशी म्हणाली. "लोकांना आवडतं. आता अस्वल बघ."

अस्वल बालवाडीच्या बाईंच्या नावे होतं, अगदी तारखेनिशी. नाटकाच्या सरांचं नाव कुठेच नव्हतं. आणि तेव्हा थोरलीला आठवलं. सर आले होते तेव्हा ती शिडीवर चढून मुकुट काढत होती. सर म्हणाले, अस्वल ठेवा हं. ती वरूनच म्हणाली, ठेवलं. उतरल्यावर लिहायचं राहून गेलं. 'शक्यच नाही' म्हणून सकाळी दोघांच्या तोंडावर जे ठणकावलं होतं, ते आता तिच्या स्वतःच्याच कानांत घुमायला लागलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. हे वाक्य या दुकानात तिच्या तोंडून प्रथमच निघत होतं. दादांनी दाढ्यांतून मान वर काढून खात्री करून घेतली.

धाकटीने त्याचा फायदा घेतला नाही. ती दांडीवरचे पोशाख सरकवत आत गेली आणि एक पिवळट तपकिरी, केस गळलेला सिंह घेऊन आली. "हा कुणी नेतो का?"

"त्याची आयाळ बघून मुलं रडतात."

"मग आयाळ काढू. शेपूट आखूड करू. गोल कान लावू. झालं अस्वल." ती थांबली. "कापू ना?"

थोरलीने आपल्या हाताने कात्री पुढे केली. "काप. पण शेपटीचा गोंडा मला दे, मिशांना होईल."

सरांच्या नाटकात अस्वलाचं काम त्यांच्या शाळेचे खेळाचे मास्तर करणार होते, आणि ते अंगाने थेट दादांसारखे. म्हणून दादांना उभं करून सिंहात घातलं. "घोळ तुम्ही घातलाय," थोरलीने आठवण करून दिली, "आता मापाला तरी उपयोगी पडा." एकीने मान धरली, दुसरीने कान टाचले. मग आयाळीच्या जागी उघडं पडलेलं कापड झाकायला एक चौकड्याचा रुमाल बांधला. अस्वल जरा फिकट दिसत होतं, पण सज्जन दिसत होतं.

दोघी टाके घालत होत्या तेव्हा कंप्युटरने आवाज केला. तुमच्या खात्यात शिरण्याचे बरेच अयशस्वी प्रयत्न झाले आहेत, सुरक्षेसाठी नवा पासवर्ड ठेवा.

"तुम्ही ठेवा," धाकटी म्हणाली. "दुकान तुमचं, पासवर्ड तुमचा. मी बघत नाही." आणि ती खरंच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

थोरली खुर्चीत बसली. हात आडवा धरला, जीभ दातांत पकडली, एका बोटाने एकेक अक्षर शोधून मारलं. बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"काय म्हणतोय?" धाकटीने भिंतीलाच विचारलं.

"पासवर्ड कमकुवत आहे म्हणतोय."

"दादांचं नाव टाकलंत ना?"

थोरलीने पडदा आणखी आपल्याकडे वळवला.

"कमकुवतच म्हणणार तो."

"मी ऐकतोय हं!" अस्वलाच्या आतून आवाज आला.

थोरलीने ते खोडलं आणि बराच वेळ विचार करून दुसरं काहीतरी लांबलचक मारलं. या वेळी पट्टी हिरवी झाली. तिने डोळ्यावर टिचकी मारून स्वतःच एकदा वाचून घेतलं, स्वतःशीच हसली, आणि झाकलं.

"काय ठेवलंत?"

"तुला कशाला? पासवर्ड असा सांगायचा नसतो. चोर असतात."

"विसरलात तर?"

"विसरले तर तुझ्या फोनवर कोड येईल."

"तो नंबर बदलून तुमचा टाकायचा का? आत्ताच टाकते."

"काही नको," थोरली सुईत दोरा ओवत म्हणाली. "एकदा सवय झाली आहे त्याला."

"आणि मी फोन उचललाच नाही तर?"

"तुला उद्या सकाळी इथेच यायचंय. बारा पऱ्या दुरुस्तीला आहेत, एकीचाही पंख धड नाही. फोनवर कशाला बोलायचंय?"

धाकटीने भिंतीकडून तोंड वळवलं आणि दुसरा कान हातात घेतला.

"अगं," अस्वल म्हणालं, "तुमचं झालं असेल तर ही चेन उघडा. आत आग पेटलीय."

दोघींनी चेन ओढली. ती रुमालाच्या दोऱ्यात अडकली होती. थोरलीने मान धरली, धाकटीने पाय रोवून जोर लावला. चेन एक वीत सरकली आणि तिथेच रुतून बसली. "तुमच्या टाक्यानेच अडकली," एक म्हणाली. "माझा टाका सरळ आहे, तुझी चेन वाकडी," दुसरी म्हणाली. दोघी पुन्हा ओढू लागल्या. तेवढ्यात दार उघडलं आणि मफलर सावरत नाटकाचे सर आत आले. त्यांनी अस्वलाला पायापासून कानांपर्यंत पाहिलं.

"वा! पण वहिनी," ते म्हणाले, "हे असं भरलेलंच न्यायचं का?"